वाइन कुठे विकायची ते ठरेल तेव्हा ठरेल. घरात ठेवायची कशी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२०२२च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला आणि वाइन म्हणजे दारू की नव्हे, यावर वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. आपल्या उन्हाळ्यात ही बाटली घरी आणून ठेवायची कुठे? नाशिक, दिंडोरी, निफाड, अकलूजकडची वाइन वायनरीतून बाहेर पडते तेव्हा बहुतेक वेळा उत्तम असते. तिची वाट लागते ती त्यानंतर: दुकानाच्या काचेमागे, गाडीच्या डिक्कीत आणि आपल्या हॉलमधल्या शोकेसमध्ये. पुरवण्यांतले लेख कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन यापलीकडे जात नाहीत, आणि साठवणुकीविषयी लिहिलेच तर युरोपातल्या दगडी तळघरांविषयी. त्याचा पुण्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या माणसाला काय उपयोग? म्हणून हे पत्र. थोडे लांबले तरी छापावे, ही विनंती.

वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हा समज आधी मोडीत काढायला हवा. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक व्हाइट आणि रोझे (गुलाबी) वाइन वर्ष-दीड वर्षात पिऊन संपवण्यासाठीच केलेल्या असतात. शिराज किंवा कॅबर्नेसारख्या साध्या रेडला दोन-तीन वर्षे पुष्कळ झाली. लाकडी पिंपात मुरवलेल्या मोजक्या ‘रिझर्व्ह’ रेड वाइन याहून जास्त टिकतात, पण तेही १२ ते १५ अंश सेल्सिअसला ठेवल्या तर. लग्नात आलेली बाटली मुलाच्या मुंजीपर्यंत शोकेसमध्ये जपणारी घरे कमी नाहीत. त्या बाटलीत जे उरते ते वाइन म्हणण्याच्या लायकीचे नसते.

कारण सरळ आहे. तापमान दर १० अंशांनी वाढले की बाटलीतल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. १३ अंशांना जे घडायला वर्ष लागते, ते ३३ अंशांना तीन महिन्यांत घडते. मग वाइन लवकर मुरते असे तरी म्हणावे, तर तसेही नाही. सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वेगावत नाहीत. बिघडवणाऱ्या पुढे जातात. टिकण्यासाठी घातलेला सल्फर डायऑक्साइड लवकर खर्ची पडतो, फळांचा ताजा वास आधी जातो आणि उरते ती उकळलेल्या मनुकांसारखी गोडसर, जड चव. व्हाइट वाइन सोनेरीवरून तपकिरीकडे झुकते आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येऊ लागतो. रेड विटकरी दिसू लागते. हे झाले की मागे फिरणे नाही. थंड करून ती सुधारत नाही, फक्त दोष थोडे झाकले जातात.

दुसरा मार बुचाला बसतो. ७५० मिलिलीटर वाइन २० अंशांवरून ४० अंशांवर गेली की पाच मिलिलीटरच्या आसपास फुगते, आणि बुचाखाली मोकळी जागा असते तीही जेमतेम तेवढीच. दाब वाढून बूच वर सरकते, कडेने थेंब पाझरतात. रात्री गारवा आला की वाइन आकसते आणि त्याच वाटेने हवा आत ओढली जाते. म्हणून सतत २६-२७ अंशांना राहिलेली बाटली काही महिने बऱ्यापैकी तग धरते, पण दिवसा ३८ आणि रात्री २४ अशी हेलकावे खाणारी लवकर जाते. थर्मामीटर घेऊन बसायचे असेल तर उच्चांकाइतकेच या चढउताराकडेही बघावे.

आता घरातल्या जागा. सर्वांत वाईट जागा फ्रिजच्या डोक्यावर. तिथे मागच्या जाळीची धग सतत वर येते आणि कॉम्प्रेसरची थरथर वेगळीच. त्या खालोखाल वरच्या मजल्यावरचा माळा. स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. ओट्याजवळचे कपाट आणि पश्चिमेच्या भिंतीला लागलेले शोकेसही बादच. शोकेसचा आणखी एक दोष म्हणजे उजेड. रोझे आणि बऱ्याच व्हाइट वाइन पारदर्शक काचेत येतात. ऊन सोडाच, ट्यूबलाइटखालीही काही आठवडे राहिल्या की ओल्या लोकरीसारखा किंवा शिजलेल्या कोबीसारखा वास धरतात. स्पार्कलिंगमध्ये, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनमध्ये, हे सर्वांत लवकर जाणवते.

चांगली जागा म्हणजे घराच्या आतल्या बाजूची, जमिनीलगतची, अंधारी: दिवाणाखाली, आतल्या भिंतीच्या कपाटाचा तळाचा कप्पा, जुन्या वाड्यात असेल तर जिन्याखालची खोली. बाहेरची भिंत टाळावी. रात्री एसी लागतो त्या बेडरूममध्ये बाटल्या ठेवून लोक निर्धास्त होतात, पण तो एसी सकाळी बंद होतो आणि मग रोजचा दहा अंशांचा झोका सुरू होतो. त्यावर उपाय आहे आणि स्वस्त आहे. बारा बाटल्यांचा मूळ खोका घ्यावा, आतून सहाही बाजूंना २५ मिलिमीटर जाडीचे थर्माकोल बसवावे, सांधे चिकटपट्टीने बंद करावेत. त्यात बाटल्यांची संख्या कमी होईल ती होऊ द्यावी, किंवा मोठा खोका घ्यावा. प्रत्येक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळावी (आपल्याच अंकाची रद्दी चालेल) आणि फटीही कागदाने भराव्यात. भरलेल्या खोक्यातल्या द्रवाचे वजनच इतके असते की बाहेरचा दहा अंशांचा चढउतार आत तीन-चार अंशांवर येतो. अर्धा रिकामा खोका तितके काम करत नाही; रिकाम्या जागी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवाव्यात. मे महिन्यात त्यातल्या लिटरभराच्या दोन बाटल्या रोज सकाळी फ्रिजमधल्या गार बाटल्यांशी बदलल्या तर आणखी एक-दोन अंश खाली येतात. गोठवलेल्या बाटल्या मात्र ठेवू नयेत. दव सुटते, कागद भिजतो, लेबल निघते.

बुचाची बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहून फुगलेले राहते. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी ठेवली तरी काही बिघडत नाही, आणि आपल्याकडच्या बहुतेक वाइन आता त्याच झाकणाच्या असतात. हे झाकण म्हणजे हलक्या मालाची खूण, असे अजूनही म्हटले जाते. उष्ण प्रदेशात मी बुचापेक्षा त्यालाच पसंती देईन.

हवेप्रमाणे युक्त्या बदलतात. नागपूर, सोलापूर, जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यात बाटलीला ओले सुती फडके गुंडाळून पंख्याखाली ठेवले की ती चांगली गार होते, कारण पाणी झपाट्याने उडून जाते. हीच युक्ती मुंबईत किंवा रत्नागिरीत करून बघितलीत तर फडके तासभराने तितकेच ओले आणि बाटली तितकीच कोमट. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात त्रास निराळा: लेबलांना बुरशी येते, कसर कागद खाते, बुचाच्या वरच्या टोकाला पांढरट पुटकुळ्या दिसतात. बुरशी वरवरची असेल तर ओल्या कापडाने पुसून बाटली उघडायला हरकत नाही. बुचाखालून पाझर दिसला तर मात्र ती बाटली लगेच उघडून संपवावी, आणखी ठेवू नये.

फ्रिजचे काय? पुढच्या तीन-चार महिन्यांत प्यायची बाटली सरळ फ्रिजमध्ये ठेवावी, रेडसुद्धा. फ्रिजमध्ये रेड ठेवली तर बिघडते, हे ऐकीव आहे. ३५ अंशांच्या खोलीपेक्षा ५ अंशांचा फ्रिज तिला शंभर पटींनी मानवतो. जागा भाजीच्या कप्प्यात द्यावी, दारात नाही. दार दिवसातून चाळीसदा उघडते, तितक्यांदा बाटली हलते आणि तापते. वर्षानुवर्षे मात्र बुचाची बाटली फ्रिजमध्ये ठेवू नये, आतली हवा कोरडी असते आणि बूच सुकते. फ्रिजमध्ये राहिलेल्या बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले, तर घाबरून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. ते द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे क्षार, थंडीने खाली बसलेले. निरुपद्रवी असतात, शेवटचा घोट बाटलीत सोडून द्यावा.

ज्यांच्याकडे वीस-तीस बाटल्या असतात ते वाइन कूलर घेतात आणि तिथेच फसतात. स्वस्त कूलर कॉम्प्रेसरचे नसून थर्मोइलेक्ट्रिक असतात. आवाज नाही, थरथर नाही, दिसायला देखणे. पण ते आतले तापमान खोलीपेक्षा फार तर पंधरा-वीस अंशांनी खाली नेऊ शकतात, आणि तेही पंखा चोवीस तास फिरवून. विदर्भातल्या ४२ अंशांच्या खोलीत त्यातून १४ अंश निघणार नाहीत, यंत्र मात्र लवकर जळेल. कॉम्प्रेसरचाच घ्यावा आणि मागच्या पट्टीवर हवामानवर्ग बघावा. ‘एन’ वर्ग ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, ‘एसटी’ ३८पर्यंत, ‘टी’ ४३पर्यंत. आपल्याला शेवटचाच लागतो. मागे आणि बाजूंना चार बोटे जागा सोडावी. फर्निचरवाल्याकडून चपखल बसवून घेतलेला कूलर स्वतःचीच धग पीत राहतो.

याहून स्वस्त आणि खरे तर याहून चांगला मार्ग म्हणजे घरातला जुना एकदारी फ्रिज. इलेक्ट्रिकच्या दुकानात डिजिटल तापमान-नियंत्रक मिळतो. फ्रिजची वायर त्याच्या ‘कूलिंग’ जोडणीतून न्यायची. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. फ्रिजचा स्वतःचा नॉब सर्वाधिक थंडीवर ठेवायचा, म्हणजे बंद-चालू करण्याचा ताबा नियंत्रकाकडे जातो. त्यावर १३ अंश आणि (मोटर बंद होणे व पुन्हा चालू होणे यांमधला) २ अंशांचा फरक लावायचा, आणि कॉम्प्रेसर बंद झाल्यावर निदान तीन ते पाच मिनिटे पुन्हा चालू होणार नाही असा विलंब लावायचा. हा विलंब विसरला तर कॉम्प्रेसर लवकर निकामी होतो. नियंत्रकाची तापमान मोजणारी सुई आतल्या हवेत लोंबकळत सोडू नये. पाण्याने भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवून ती मधल्या फळीवर ठेवावी. नाहीतर दार उघडले रे उघडले की मोटर धावते. गोठणकप्पा रिकामा ठेवावा. तळाशी पाणी साचू लागले तर ताटली ठेवून आठवड्याने ओतून टाकावी. लोडशेडिंगच्या गावात भरलेला फ्रिज सात-आठ तास सहज निभावतो, फक्त दार उघडून ‘थंड आहे ना’ असे बघत बसू नये.

खरेदीबद्दल थोडे. नाशिकच्या वायनरीत दुपारी बारा बाटल्या घ्यायच्या, डिक्कीत टाकायच्या आणि मग जेवायला थांबायचे, असा शनिवार-रविवारचा शिरस्ता आहे. एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या बंद गाडीचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाऊ शकते. वर्षभरात होणार नाही ते नुकसान तिथे एका जेवणात होते. खरेदी सर्वांत शेवटी करावी, आणि बाटल्या डिक्कीत न ठेवता एसीची हवा लागेल अशा मागच्या सीटच्या पायथ्याशी झाकून ठेवाव्यात. दुकानात काचेजवळची, दिव्याखालची मांडणीतली बाटली घेऊ नये, आतली मागावी. वरच्या वेष्टणाखाली चिकटपणा, वर आलेले बूच, मानेत नेहमीपेक्षा खाली गेलेली पातळी, यांतले एक जरी दिसले तरी परत द्यावी. लेबलवरचे वर्ष बघावे. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चच्या सुमारास होते, म्हणजे त्याच वर्षाच्या आकड्याची व्हाइट वाइन दिवाळीत घेणे ताजेच घेणे होय. दोन वर्षे मागचा आकडा असलेली साधी व्हाइट सवलतीत मिळत असेल, तर ती सवलत का आहे हे ओळखावे.

वाढण्याकडे वळू. रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हा सल्ला १७-१८ अंशांच्या खोल्यांतून आला आहे. आपल्या ३२ अंशांच्या खोलीत तीच रेड नाकाला झोंबते, अल्कोहोल पुढे येते आणि चव मोरावळ्यासारखी सपाट गोड लागते. शिराज, कॅबर्ने १६ ते १८ अंशांना; हलकी रेड १४च्या आसपास; शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ या व्हाइट आणि रोझे ८ ते १०; लाकडात मुरलेली शार्दने १० ते १२; स्पार्कलिंग ६ ते ८. बरणीत बुडवायचा साधा स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर पहिल्या पेल्यात एकदा बुडवून बघावा. पुढच्या खेपेला अंदाज येतो.

इथे परदेशी पुस्तकांतली मिनिटे उपयोगाची नाहीत. ‘रेड अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा’ हे २२ अंशांच्या घरासाठी आहे. आपल्या ३२ अंशांच्या बाटलीला १७वर यायला फ्रिजमध्ये दीड तास लागतो, आणि व्हाइटला १०वर यायला साडेतीन-चार तास. पाहुणे दारात उभे असतील तर बादलीत अर्धे बर्फ, अर्धे पाणी आणि दोन मुठी मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवावी. रेडला दहा मिनिटे, व्हाइटला वीस-पंचवीस. नुसत्या बर्फात बाटली खुपसून काही होत नाही, कारण खड्यांमधल्या पोकळीत हवा असते. थंडी पोचवण्याचे काम पाणी करते. अधूनमधून बाटली हळूच फिरवली तर आणखी लवकर. फ्रीझरमध्ये ठेवायचीच असेल तर मोबाइलवर चाळीस मिनिटांचा गजर लावून ठेवावी. विसरलात तर उणे पाच-सहा अंशांना वाइन गोठते, मग बूच तरी उडते किंवा काच तरी तडकते. फ्रिजमधून काढलेली रेड उलट अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवावी.

पेला अर्धा भरू नये. १०० मिलिलीटर ओतावी, बाटली परत बर्फाच्या पाण्यात. या हवेत पेल्यातली व्हाइट दहा-पंधरा मिनिटांत पाच-सहा अंशांनी तापते. बर्फाचा खडा टाकायचा मोह होतो, तो वाइन पाणचट करतो. त्याऐवजी हंगामात थॉम्पसनची द्राक्षे धुऊन, पुसून फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि चार-पाच पेल्यात सोडावीत. जाणकार नाके मुरडतील, मुरडू देत. डिकँटरचे, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईचे, नखरे उन्हाळ्यात नकोत. ओतायचीच असेल तर ओतून डिकँटर पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये.

स्पार्कलिंगची गोष्ट वेगळी, कारण तिथे इजेचा प्रश्न आहे. पारंपरिक पद्धतीने केलेल्या बाटलीत मोटारीच्या टायरच्या दुपटीहून अधिक दाब असतो आणि गरम बाटलीत तो आणखी वाढतो. पुरती थंड झाल्याशिवाय तार सोडू नये. तार सोडल्यापासून अंगठा बुचावरून काढू नये. बाटली तिरपी धरून बूच स्थिर ठेवावे आणि बाटली फिरवावी. तोंड माणसांकडे आणि पंख्याकडे नको.

जेवणाविषयी एवढेच की तांबड्या रश्श्याबरोबर जड कॅबर्ने तिखटाची आग वाढवते. तिथे किंचित गोडसर, चांगली थंड शेनिन बरी.

उरलेल्या वाइनचा सर्वाधिक नाश इथे होतो, कारण उघडी बाटली लोक टेबलावरच ठेवतात आणि आपल्या उष्म्यात आंबट करणारे जिवाणू जोमाने वाढतात. झाकण लावून, उभी, फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस. अर्धीच प्यायची हे आधीच ठरले असेल तर पेला भरण्याआधी ३७५ मिलिलीटरची उकळत्या पाण्याने धुतलेली, कोरडी बाटली काठोकाठ भरून घट्ट झाकावी. आत हवाच नसल्याने ती फ्रिजमध्ये आठवडा-दीड आठवडा सहज राहते. स्पार्कलिंगच्या तोंडात चमचा अडकवून बुडबुडे टिकतात, यात काही तथ्य नाही. चिमट्याचे झाकण घ्यावे. गेलेली वाइन बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून रस्सा-भाजीत वापरता येते, मात्र ती नुसती शिळी असावी, व्हिनेगरचा वास मारणारी नव्हे.

यातले बरेचसे घरच्या माणसाच्या हातात आहे, काही नाही. दुकानात येईपर्यंतचा प्रवास आणि गोदाम त्याला दिसत नाही. आपल्या वृत्तपत्राने दुकानदारांना आणि वायनऱ्यांना दोन गोष्टी विचाराव्यात. उन्हाळ्यात माल उघड्या टेम्पोतून जातो की झाकलेल्या, थंड गाडीतून? आणि मागच्या लेबलवर, जिथे शेकोटीशेजारी बसून प्यायची वर्णने इंग्रजीत छापली जातात, तिथे ‘२५ अंशांखाली, अंधारात ठेवा, अमुक वर्षापर्यंत प्या, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा’ एवढी ओळ मराठीत का छापली जात नाही?

आपला,
वाइन व्यवसायाशी संबंधित एक वाचक, नाशिक